घोड्यावरून उतरावे केव्हा?

घोडेस्वारीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या बाईला दिवस गेले, तर तिने स्पर्धा केव्हा थांबवावी, हा आजचा विषय. मुलचेऱ्यासारख्या जंगलातल्या तालुक्यातून आलेल्या, आणि हयात मजुरांच्या सभा घेण्यात घालवलेल्या माणसाने हा विषय का निवडावा, असे कोणाच्याही मनात येईल. आमच्याकडे शर्यतीचे घोडे नाहीत. आमच्या बाया आषाढ-श्रावणात धानाची रोवणी करतात, चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचतात आणि मे महिन्याच्या उन्हात तेंदूची पाने तोडतात. आम्ही डॉक्टर नाही, आणि शाळेची पायरीही फारशी चढलो नाही. जे काही कळते ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि कामगारांत राहून कळले आहे.

तरी हा विषय आम्ही मुद्दाम घेतला. स्पर्धेतली स्वार ही बहुधा सुखवस्तू घरची असते. तिच्या हाताशी डॉक्टर असतो, घरी खायला असते, आणि कोणी तिला बळजबरीने खोगिरावर बसवत नाही. इतके असूनही तिला थांबणे अवघड जाते. ते का अवघड जाते हे एकदा नीट समजले, म्हणजे जिच्या हाताशी यातले काहीच नाही तिला ते किती अवघड जात असेल, हे आपोआप समजते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: उतरण्याचा दिवस आधी शांतपणे बसून ठरवावा, पडल्यावर नव्हे, आणि उतरलेल्या बाईची जागा तिच्यासाठी राखून ठेवल्याशिवाय ती तो दिवस कोणाला खरा सांगणार नाही.

या प्रश्नाची आठवण महाराष्ट्राला नवी नाही. बखरींतून आणि कीर्तनांतून चालत आलेली एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. शहाजीराजे दौडत निघाले आहेत, पाठीवर लखुजी जाधवरावांची फौज आहे, आणि बरोबर जिजाऊ सात महिन्यांच्या गरोदर आहेत. घोड्याची दौड त्यांना सोसवेना, म्हणून राजांनी त्यांना जुन्नरजवळ शिवनेरीवर ठेवले आणि स्वतः पुढे गेले. कथा सुंदर आहे, पण तारखांच्या हिशेबात ती पुरी बसत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. लखुजी जाधवराव तर १६२९ च्या जुलैतच देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेत, निजामशहाच्या दरबारी मारले गेले. म्हणजे सातवा महिना लागला तेव्हा पाठलाग करायला ते हयातच नव्हते. जन्म शिवनेरीवर झाला हे मात्र इतिहासाला पूर्ण मान्य आहे.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही कथा अशी का सांगितली असेल? आम्हाला वाटते, त्यात एक शहाणपण साठवलेले आहे. मराठा घराण्यातल्या बाईने घोड्यावर बसणे यात सांगणाऱ्याला काही वावगे वाटलेले नाही. पोटुशी बाईने घोड्यावर बसले यालाही कोणी दोष दिलेला नाही. कथा एवढेच सांगते की एक वेळ आली आणि त्या उतरल्या. आणि उतरल्या त्या उघड्या माळावर नाही; भक्कम तटबंदी, पाणी, शिबंदी आणि भरवशाची माणसे असलेल्या गडावर उतरल्या. खाली पाय टेकायला शिवनेरी असेल तर उतरण्याचा निर्णय घेता येतो. शिवनेरी नसेल तर बाई घोडा दौडवीतच राहते. पुढे आम्ही जे सांगणार आहोत त्याचे बीज या कथेतच आहे.

आता आजच्या स्पर्धांकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी हा एक वेगळाच खेळ आहे. त्यात पुरुष आणि स्त्रिया एकाच मैदानावर, एकमेकांविरुद्ध उतरतात. बायकांसाठी निराळी शर्यत नाही. पण हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. १९५२ पर्यंत ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत मुख्यतः लष्करी अधिकारीच उतरत. १९५२ मध्ये ड्रेसाज, १९५६ मध्ये अडथळ्यांवरच्या उड्या आणि १९६४ मध्ये तीन दिवसांची कठीण मिश्र स्पर्धा, असे एकेक दार बायकांना उघडत गेले.

हे तीन प्रकार समजून घेतले पाहिजेत, कारण थांबण्याचा प्रश्न तिन्हींत सारखा नाही. ड्रेसाज म्हणजे साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा सपाट रिंगणात घोड्याला ठरलेल्या चाली चालवणे. त्यात उडी नाही, गर्दी नाही, आणि घोडा स्वाराच्या ओळखीचा असतो. दुसऱ्या प्रकारात दीड मीटर व त्याहून उंच अडथळ्यांवरून घोडा उडवावा लागतो. तिसऱ्यात रानातून, चढउतारावरून, पाण्यातून, न हलणाऱ्या लाकडी अडथळ्यांवरून दौडायचे असते. वरच्या पातळीवर हा वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे तासाला ३४ किलोमीटरच्या आसपास जातो. मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याला दिसतात त्या रेसचा वेग तर याहूनही जास्त, आणि तिथे बाजूला बाजू लावून घोडे पळत असतात.

या खेळातल्या दोन बाया आमच्या विषयाशी जवळच्या आहेत. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मले, पण बाईंच्या गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. कधी थांबायचे हे त्यांच्या बाबतीत रोगानेच ठरवले. त्या पुन्हा हळूहळू खोगिरावर बसायला शिकल्या आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. विजेत्या स्वीडिश स्वाराने हात देऊन त्यांना पदकाच्या मंचावर नेले. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळवले. दुसऱ्या हॉलंडच्या अँकी व्हान ग्रुन्सव्हेन. २००४ च्या ऑगस्टमध्ये अथेन्सला त्यांनी ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या बाळंत झाल्या. महिने वाचकांनीच बोटांवर मोजावेत.

या दुसऱ्या उदाहरणावरून कोणी म्हणेल, मग कशाला थांबायचे? तिसरा कोणी म्हणेल, हा तर वेडेपणा झाला. दोन्ही मते घाईची आहेत. त्यासाठी शरीरात काय घडते ते थोडे पाहिले पाहिजे.

पहिल्या सुमारे बारा आठवड्यांत गर्भाशय लहान असते आणि कमरेच्या हाडांच्या कोंदणात आत बसलेले असते. बाहेरचा धक्का त्याला सहसा थेट पोचत नाही. बाराव्या आठवड्यानंतर ते त्या हाडांच्या वर येऊ लागते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीपर्यंत पोचते. आता त्याच्यापुढे हाडाची ढाल उरत नाही. त्याच वेळी पोटाचा भार पुढे येतो, तोल बदलतो आणि सांध्यांचे बंध सैल होतात. खोगिरावरचा सारा खेळच मांड्यांच्या पकडीचा आणि तोलाचा आहे. जी बाई दहा वर्षे एका तोलाने बसत आली, तिचा तोल दर आठवड्याला थोडा सरकत जातो.

खरा धोका घोड्याच्या हिसक्यांचा नाही, पडण्याचा आहे. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडे याविषयी मोठा अन्याय चालतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला की घरातले लगेच कारण शोधतात: ही सायकलवर बसली, हिने घागर उचलली, ही एसटीच्या मागच्या बाकावर बसून माहेरी गेली. वैद्यकशास्त्र सांगते की सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या रंगसूत्रांतच दोष असल्याने होतात. तो गर्भ वाढणाराच नसतो. रोजच्या हालचालीतल्या हिसक्यांनी निरोगी गर्भ सहसा गळून पडत नाही. तेव्हा ज्या बाईचा गर्भ गेला तिच्या माथी आणखी अपराधाचे ओझे देऊ नये, ही आमची हात जोडून विनंती आहे.

पडण्याची गोष्ट निराळी. घोड्याचे वजन चारपाचशे किलो, आणि स्वाराचे डोके जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास उंच. तिथून माणूस आपटला, किंवा घोडाच अंगावर आला, तर आईच्या जिवावर बेतते. आणि आईच्या जिवावर बेतले की पोटातल्या जिवावर बेततेच. ही भीती पहिल्या आठवड्यापासून असते. पुढच्या महिन्यांत आणखी एक भीती वाढते. गर्भाशयाची भिंत लवचिक असते, तिला चिकटलेली वार तशी लवचिक नसते. जोराच्या आपटीने भिंत ताणली जाते आणि वार तिच्यापासून सुटू शकते. वार सुटली की बाळाचे रक्त आणि प्राणवायू तुटतो. कधी बाईच्या अंगावर साधा ओरखडाही नसतो, आणि आत वार सुटलेली असते. लक्षणे काही तासांनी दिसतात.

म्हणून गरोदरपणाच्या मध्यानंतर पोटावर मार बसला, तर बाईने ‘मला काही झाले नाही’ म्हणून घरी जाऊ नये. दवाखान्यात जावे, आणि निदान चार तास तरी बाळाचे ठोके व गर्भाशयाच्या कळा यांवर नजर ठेवली जावी. आईचा रक्तगट आरएच-निगेटिव्ह असेल तर अँटी-डी नावाचे इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. रक्त दिसणे, पाणी जाणे, पोट दगडासारखे घट्ट होणे किंवा पुन्हा पुन्हा कळा येणे, भोवळ येणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर, पडलेली असो वा नसो, हातातले काम तिथेच टाकून डॉक्टर गाठावा.

याचा अर्थ गरोदर बाईने पलंगावर पडून राहावे असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की ज्या गरोदर बाईला तसा काही अडथळा नाही तिने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम प्रमाणात अंग हलवावे. चालणे, पोहणे यासारखे. काम करताना बोलता यावे, इतकाच दम लागावा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मंडळानेही व्यायामाची शिफारस केली, पण टाळण्याच्या गोष्टींची यादी दिली. त्या यादीत, ज्यात आपटून पडण्याची भीती आहे अशा खेळांत, घोडेस्वारीचे नाव स्पष्ट आहे.

मग दिवस कसा ठरवायचा? आमच्या मते ‘घोडेस्वारी’ आणि ‘स्पर्धा’ हे दोन शब्द आधी वेगळे केले पाहिजेत. ओळखीच्या शांत घोड्यावर, सपाट रिंगणात, पावलाच्या चालीने बसलेल्या बाईच्या हाती लगाम असतो. घोडा बुजला, अंगात कसर आली, ढग गडगडले, की ती थांबू शकते. स्पर्धेत ही मोकळीक नसते. घंटा वाजली की घड्याळ पळू लागते. पुढचा अडथळा घ्यावा की सोडावा हे तिच्या पोटाकडे पाहून ठरत नाही, गुणांकडे पाहून ठरते. मालकाने घोड्यावर पैसा ओतलेला असतो, संघातले तिघे तिच्यावर अवलंबून असतात, आणि मनात एकच वाक्य घोळत असते: एवढी एक स्पर्धा होऊन जाऊ दे. जिथे स्वतःहून थांबण्याची मोकळीक काढून घेतली जाते, तिथे धोका दुप्पट होतो.

तेव्हा क्रम असा असावा. रेस, रानातली दौड आणि उंच अडथळे ही दिवस गेल्याचे कळताच बंद करावीत. अनोळखी, कोवळी किंवा बुजरी जनावरेही त्याच दिवशी सोडावीत. सपाटीवरची शांत स्वारी चालू ठेवायची की नाही, हे बाईने आपल्या डॉक्टरशी बोलून ठरवावे. पण गर्भाशय हाडांच्या कोंदणातून वर येते तो बारावा आठवडा ही शेवटची रेघ समजावी. अँकीबाईंसारखी एखादी त्या रेघेपलीकडे गेली आणि सुखरूप परतली, म्हणून रेघ पुसली जात नाही. त्या सपाट रिंगणात, हाताखालच्या घोड्यावर होत्या. उड्यांच्या मैदानावर नव्हत्या. शिवाय पट्टीचा स्वारही पडतो, हे तबेल्यातल्या कोणत्याही मोतद्दाराला विचारावे. कौशल्याने पडण्याचे प्रसंग कमी होतात, पडल्यावरची आपटी कमी होत नाही.

आणि हा दिवस ठरवावा तो मूल हवे असे ठरते तेव्हाच. हंगामाच्या ऐन मध्यावर, पदक चार दिवसांवर असताना, कोणाचेही डोके थंड राहत नाही. घरच्यांनी, शिक्षकाने आणि डॉक्टरने मिळून बाईचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि शेवटचा शब्द तिचा राहू द्यावा. देह तिचा आहे. त्याविषयी तिच्याशिवाय झालेला निर्णय ती मनाने पाळणार नाही.

येथवर सगळे सोपे वाटते. अवघड भाग पुढेच आहे. इतके समजूनही बाई सांगत का नाही?

कारण सांगितले की तिची जागा जाते. धावपटू अ‍ॅलिशिया मोंटानो २०१४ मध्ये सातव्या महिन्यानंतरच्या पोटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटर धावल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. २०१९ मध्ये त्यांनीच उघडपणे लिहिले की गरोदर खेळाडूंचा पैसा बूट बनवणाऱ्या कंपन्या कापतात. त्यानंतर बोभाटा झाला आणि एका बड्या कंपनीला करार बदलावे लागले. टेनिसमध्ये सेरेना विल्यम्स २०१८ मध्ये बाळंतपणानंतर परतल्या, तेव्हा पॅरिसच्या स्पर्धेत त्यांना मानांकन मिळाले नाही. त्याआधीच्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियात त्या जिंकल्या होत्या, त्या वेळी त्यांना नुकतेच दिवस गेले होते. एवढ्या मोठ्या बाईची ही गोष्ट झाल्यावर टेनिसच्या महिला संघटनेने पुढच्या हंगामासाठी नियम सुधारले आणि बाळंतपणाने दूर राहिलेल्या खेळाडूचे जुने स्थान परत येताना कामी येईल अशी सोय केली. आपल्या सानिया मिर्झा, ज्यांचा जन्म मुंबईचा, २०१८ मध्ये आई झाल्या आणि २०२० च्या जानेवारीत होबार्टला दुहेरीचे विजेतेपद घेऊन परतल्या. परतीचे दार उघडे असले की बाई निर्धास्तपणे उतरते.

आमच्या कामगार चळवळीला हे नवीन नाही. पोटाला पदर घट्ट आवळून सातव्या महिन्यापर्यंत घमेली वाहणाऱ्या बाया आम्ही रस्त्याच्या कामावर पाहिल्या आहेत. मुकादमाला कळले की हजेरीपटावरचे नाव दुसरीला जाई. अशी बाई घसरून पडली तरी पडल्याचे सांगत नाही. आणि न सांगितलेली आपटी हीच सर्वांत घातक, हे वर आपण पाहिलेच. नुसता ‘थांब’ म्हणणारा नियम बाईला लपवायला शिकवतो. ‘थांब, तुझी जागा आणि तुझी मजुरी आम्ही राखतो’ असे म्हणणारा नियम तिला बोलते करतो.

आपल्या प्रांताने हे फार लवकर ओळखले होते. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले; ते नामंजूर झाले. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा हे खरे, पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून मोकळा नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. उतरण्याचा खर्च कोणी द्यायचा, या प्रश्नाला आपल्या देशात मिळालेले हे पहिले कायदेशीर उत्तर.

पुढे १९६१ चा केंद्राचा कायदा आला. त्यात एक कलम आहे त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, म्हणजे सुमारे दहा आठवडे आधीपासून, बाईने मागणी केली तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. २०१७ मध्ये भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारावरून २६ आठवडे झाली. त्यांतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेल्या आहेत. पण रजेच्या पैशाला एक अट आहे: आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेले असावे.

आता हे माप घेऊन मुलचेऱ्याला चला. तेंदूचा हंगाम दोनतीन आठवड्यांचा. बाई पहाटे जंगलात जाते, पाने तोडते, ऊन चढल्यावर भारा डोक्यावर घेऊन परतते, दुपारी घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर मोजून देते. मजुरी शेकडा पुड्यांवर. शंभर पुडे म्हणजे सात हजार पाने. ८० दिवसांची अट हा हंगाम कधी पुरी करणार? आणि पुड्यावरची मजुरी म्हणजे घड्याळ लावलेली शर्यतच. जितके पुडे तितके पैसे, थांबली की पैसे थांबले. घोड्यावरच्या बाईचा लगाम स्पर्धा हिसकावून घेते, तसा हिचा लगाम हा हिशेब हिसकावून घेतो. भर उन्हात अंगातले पाणी आटते, डोक्यावर भारा, पायाखाली दगड आणि मुळ्या. परतताना मोटारसायकलवर तिघे, मागे ही, मांडीवर गाठोडे. पडण्याची उंची घोड्याइतकी नाही, वेग मात्र घोड्याहून जास्त आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये देणारी मातृवंदना योजना आहे. आदिवासी भागात गरोदर बाईला एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आहे. दूरच्या पाड्यातल्या बाईने दिवस भरत आले की दवाखान्याजवळ येऊन राहावे म्हणून माहेरघरे आहेत. हे नाव ज्याने ठेवले त्याला बाईचे मन कळत होते. आमच्याकडचे हे शिवनेरीच म्हणायचे. पण ही सोय शेवटच्या दिवसांची आहे. मधल्या महिन्यांत, ऐन हंगामात, उतरायला जागा नाही.

ती जागा गावाला करता येईल. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. ज्या ग्रामसभेच्या हाती व्यवहार आहे तिने एक ठराव करावा: गरोदर बाईने जंगलात जाऊ नये, भारा उचलू नये, तिने सावलीत बसून पुडे बांधावेत, मोजणी करावी, हिशेब ठेवावा, आणि घरटी सरासरी इतकी मजुरी तिच्या नावे लागावी. हंगामाच्या एकूण पैशात हा खर्च मोठा नाही. रोवणीच्या गटांनाही हेच लागू करता येईल. वाकून चिखलात उभे राहण्याचे काम बाकीच्यांनी करावे. तिच्याकडे हलके काम द्यावे, वाटा मात्र पुरा ठेवावा. आमच्या बाया एकमेकींचे काम असे पूर्वीपासून सांभाळतातच. फक्त ते उपकार म्हणून न राहता हक्क म्हणून वहीत लिहिले जावे, एवढीच मागणी आहे.

शहरातल्या श्रोत्यांच्या घरी कोणी घोडेस्वारी करीत असेल, कोणी बॅडमिंटन खेळत असेल, कोणी स्कूटरवरून कचेरीत जात असेल. तुमच्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई तर असेलच. त्या प्रत्येकीच्या बाबतीत आपल्याला करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे. तिला दिवस गेल्याचे ती ज्या दिवशी सांगेल, त्या दिवशी तिला पहिला प्रश्न ‘आता काम कधी सोडणार?’ असा विचारू नका. ‘तू परत येईपर्यंत तुझी जागा तुझीच आहे’ हे आधी सांगा. मग कोणते काम आज सोडायचे, कोणते बाराव्या आठवड्याला आणि कोणते शेवटपर्यंत चालवायचे, याचा हिशेब ती स्वतःच तुमच्यापुढे नीट मांडील.